एकतर्फी वाहतूक

मराठी वर्तमानपत्रांनी भाषेला जे शब्द दिले त्यांत 'एकतर्फी प्रेम' हा सर्वांत मायाळू म्हणावा लागेल. एखादा इसम सहा महिने एका मुलीच्या मागावर असतो, कॉलेजच्या फाटकाशी उभा राहतो, तिच्या मैत्रिणीच्या भावाकडून नंबर मिळवतो, तिने नंबर बदलला की नवाही मिळवतो, आणि शेवटी एक दिवस चाकू घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी मथळा असतो 'एकतर्फी प्रेमातून हल्ला'. म्हणजे हल्ला हा जोडधंदा, मूळ व्यवसाय प्रेमाचा. ही सवलत दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्याला मिळत नाही. विरार लोकलमध्ये खिसा कापला गेला तर त्याला कोणी 'एकतर्फी उसनवारी' म्हणत नाही, आणि रात्री कुलूप तोडून आत आलेल्या माणसाला 'एकतर्फी पाहुणा' समजून कोणी पोहे टाकत नाही. एकतर्फी हा शब्द खरा शोभतो रस्त्याला. तिथे उलट्या बाजूने गाडी घातली की हवालदार शिट्टी मारतो आणि पावती फाडतो. प्रेमाच्या रस्त्यावर मात्र उलटा शिरणाऱ्याच्या मागे शिट्टीऐवजी व्हायोलिनं वाजतात.

या व्हायोलिनांवर उतारा म्हणून सिनेमावाल्यांनी एक वेगळा प्रकार काढला, सायकॉलॉजिकल थ्रिलर. प्रेमाने झपाटलेला कोणीतरी, त्याच्या खोलीत भिंतभर तिचे फोटो, रात्री वाजणारा फोन, खिडकीबाहेरची सावली. सर्वसाधारण समज असा की हा प्रकार प्रेमपटाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा: तिकडे फुलं, इकडे सुरी. माझं म्हणणं असं की हे दोन सिनेमे नाहीतच. सिनेमा एकच आहे. मागे लागणाऱ्याच्या डोळ्यांनी दाखवला की तो प्रेमपट होतो, आणि जिला झोपण्यापूर्वी दाराची कडी तीनदा तपासावी लागते तिच्या डोळ्यांनी दाखवला की थ्रिलर. आणि हे सिद्ध करायला परदेशी जाण्याची गरज नाही, १९९३ सालचा 'डर' पुरेसा आहे. 'डर' काढला यश चोप्रांनी, म्हणजे ज्यांची कीर्ती मुख्यतः प्रेमपटांवर पोसली त्यांनी. घरचाच आहेर.

त्यातलं पहिलंच गाणं आठवा. सिमल्याला शिकणारी किरण सुट्टीला घरी निघाली आहे आणि झाडीत कुठेतरी कोणी तिच्यासाठी गातो आहे. गाणारा दिसत नाही. किरण लाजते, हसते, आवाजाच्या मागे धावते, कारण गातोय तो आपला सुनील, नौदलातला, असं तिला वाटतं. गात असतो तिच्या मागे लागलेला राहुल. आता हे गाणं प्रयोगशाळेत नेल्यासारखं तपासून बघा. चाल एक, गळा एकच, उदित नारायणचा, झाडं तीच, लपाछपी तीच. लपलेला माणूस सुनील आहे असं वाटतं तोवर सगळा खट्याळपणा; तो राहुल आहे हे कळल्यावर पोलीस ठाणं किती लांब आहे याची चौकशी. कृतीत तसूभरही फरक पडलेला नाही. फरक पडला तो फक्त तिला कोण हवं होतं यात, आणि नेमका हाच प्रश्न प्रेमपटात कोणी विचारत नाही, कारण तिथे तिने शेवटी 'हो' म्हणायचं हे कथालेखकाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. इतका स्वच्छ पुरावा देऊनही आपण काय केलं? तेच गाणं लग्नाच्या संगीतात आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात निवांत प्रेमगीत म्हणून चालू ठेवलं. त्यावर वरमाई ठेका धरते. सुनीलला किरण मिळाली आणि राहुलला प्रेक्षक मिळाले. तीस वर्षांनंतरही नकलाकार 'क-क-क-किरण' करून टाळ्या घेतात. सुनील त्या सिनेमात काय बोलला होता हे सनी देओलच्या घरच्यांखेरीज कोणाला आठवत असेल असं वाटत नाही.

थ्रिलरचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. पाठलाग हे केवढं कष्टाचं काम आहे हे फक्त हाच प्रकार दाखवतो. प्रेमपटातला नायक नायिकेच्या बसस्टॉपवर, तिच्या मामाच्या लग्नात आणि उटीच्या बागेत आपोआप उगवतो. थ्रिलरमध्ये त्या उगवण्यामागचं खातं उघडलेलं असतं. राहुल होळीला ढोल वाजवणाऱ्यांत तोंड रंगवून घुसतो, छातीवर ब्लेडने नाव कोरतो, मधुचंद्राला निघालेल्या जोडप्याच्या मागे स्वित्झर्लंडपर्यंत जातो. व्हिसा, परकीय चलन, तिकीट, थंडीचे कपडे, सगळं बिनबोभाट. या माणसाला नोकरी नाही, आणि असती तर इतकी रजा कुठल्याही साहेबाने मंजूर केली नसती. त्याचा फोन हा तर स्वतंत्र चमत्कार. त्या काळी सरळमार्गी माणूस फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघे. मिळाला की पावसाळ्यात तो डेड होई, आणि डेड नसेल तेव्हा क्रॉस कनेक्शन लागून मध्येच कोणीतरी तांदळाचा भाव विचारी. राहुलचा फोन पहिल्या फटक्यात लागतो आणि तो किरणच उचलते. शेजारच्या काकू नाहीत, 'कोण पाहिजे?' म्हणून खेकसणारे आजोबा नाहीत. आपल्याकडचे कित्येक पाठलाग त्या काळी केवळ दूरसंचार खात्याच्या कारभारामुळे टळले असतील. त्याचं श्रेय त्या खात्याला कोणी दिलेलं नाही.

अलीकडच्या मालिकांत ही मेहनत आणखी वाढली आहे. 'बेबी रेनडिअर' या २०२४ च्या ब्रिटिश मालिकेत लंडनच्या एका पबमधला पोऱ्या एका बाईला फुकट चहा देतो आणि त्या एका कपाच्या मोबदल्यात त्याला तिचे ४१,०७१ ई-मेल येतात. प्रत्येकाखाली 'आयफोनवरून पाठवले' अशी ओळ, आणि बाईंकडे आयफोनच नाही. ती ओळ त्या दर वेळी हाताने टाइप करतात. सरकारी टपालात एवढी निष्ठा असती तर देशाचं भलं झालं असतं. 'यू' नावाच्या अमेरिकन मालिकेतला 'जो' नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या पुस्तकांच्या दुकानात काम करतो, पण दुकानात क्वचितच सापडतो. रात्री तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहून आवडलेल्या मुलीच्या तळमजल्याच्या खिडकीतून आत बघत असतो. त्या खिडकीला पडदा नाही. डोक्यावर एक टोपी घातली की तो कोणालाही ओळखू येत नाही, हे वेशांतर आपल्या तमाशातल्या बतावणीतही कोणी खपवून घेतलं नसतं. आणि एवढं सगळं समोर असून प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणी त्या 'जो'वर भाळल्या. शेवटी ते काम करणाऱ्या पेन बॅजलीला स्वतःच ट्विटरवर येऊन सांगावं लागलं की बायांनो, तो खुनी आहे. खलनायकानेच प्रेक्षकांना सावध करण्याचे प्रसंग नाट्यशास्त्रात फार नसावेत.

आता इथे कोणीतरी 'छोटी सी बात' पुढे करणार, हे ठरलेलं आहे. १९७६ चा बासू चटर्जींचा तो गोड सिनेमा: अमोल पालेकरांचा बुजरा अरुण बसस्टॉपवर प्रभाला रोज बघतो, तिच्या मागोमाग बसमध्ये चढतो, तिच्या ऑफिसच्या दारापर्यंत जातो, आणि तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून खंडाळ्याला एका कर्नलकडे प्रेमाची शिकवणी लावतो. हाही पाठलागच की, मग यालाही थ्रिलर म्हणायचं का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या सिनेमातच आहे. अरुण मागे येतो हे प्रभाला माहीत असतं, तिला त्याची मजा वाटत असते, आणि तिची मजा आपल्याला दाखवलेली असते. तिची बाजू दाखवण्याचे कष्ट दिग्दर्शकाने घेतले म्हणून आपण निर्धास्त हसतो. मात्र एक प्रयोग करून बघावा. प्रभाची हसरी दृश्यं तेवढी काढून टाका आणि अरुण अगदी तसाच ठेवा. तोच चौकटीचा शर्ट, तोच गरीब चेहरा. रोज तोच माणूस, तोच स्टॉप, काही बोलत नाही, नुसता मागे येतो. पाचव्या दिवशी प्रभा बेस्टचा मार्ग बदलेल आणि दहाव्या दिवशी भावाला बरोबर आणेल. अरुणचा भोळेपणा खरा असेलही, पण तो बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईला पाठीमागून दिसत नाही. तिला फक्त पावलं ऐकू येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो सुविचाराच्या रूपात येतो: प्रयत्नांती परमेश्वर. चिकाटीने माणूस एमपीएससी होतो, मग प्रेमात का चिकाटी करू नये? यातली गोम अशी की परीक्षेत नापास करणारा आयोग आपल्याला घाबरून घराबाहेर पडायचं सोडत नाही. कायद्याने हा फरक २०१३ साली ओळखला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आलं आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. आता न्याय संहितेत तो ७८ व्या कलमात आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही वारंवार मागे जाणं, संपर्क साधणं, तिच्या इंटरनेटवर पाळत ठेवणं, सगळं त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा जामीनपात्र, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. हिंदी सिनेमाला हे कलम काटेकोर लावलं तर मध्यंतरानंतरचं सगळं चित्रीकरण येरवड्यात करावं लागेल. फक्त आपल्या न्यायालयांचा वेग पाहता पहिला निकाल लागेपर्यंत नायिकेची नात कॉलेजात जायला लागलेली असेल. कलम फेब्रुवारीत लागू झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये 'रांझणा' आला, ज्यात बनारसचा नायक मुलीने नाही म्हटल्यावर स्वतःची नस कापून घेतो आणि प्रेक्षक डोळे पुसतात. संसदेने एक सांगितलं, पडद्याने दुसरं, आणि तिकीट पडद्याचं खपलं.

यावर 'सिनेमा बघून कोणी बिघडत नाही' हे वाक्य तयारच असतं. बिघडतं की नाही हे सिद्ध करणं अवघड आहे, आणि तसा दावा मी करत नाही. 'शोले' बघून कोणी गब्बर झाल्याचं ऐकिवात नाही. पण सिनेमा गुन्हा शिकवत नसला तरी सबब नक्की पुरवतो, आणि ही सबब न्यायालयापर्यंत पोचलेली आहे. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, होबार्टच्या न्यायालयात, दोन महिलांच्या मागे लागल्याबद्दल एका भारतीय तरुणावर खटला चालला. त्याच्या वकिलांनी बाजू मांडली की हा हिंदी सिनेमे बघत वाढला, आणि त्यात मागे लागत राहिलं की बाई शेवटी हो म्हणते. त्या तरुणाचा तुरुंगवास टळला, पाच वर्षं चांगलं वागण्याच्या अटीवर. हिंदी सिनेमाच्या नैतिक प्रभावाची ही कदाचित सर्वांत अधिकृत पोचपावती असेल, आणि ती मिळाली पार दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरच्या एका बेटावर.

मग बायका मागे लागत नाहीत का, हाही प्रश्न येतो. लागतात. क्लिंट ईस्टवुडने दिग्दर्शनाची सुरुवातच १९७१ साली अशा एका बाईपासून केली, जी रेडिओवर फोन करून रोज एकाच गाण्याची फर्माईश करते आणि मग निवेदकाच्या घरी येते. पण या सिनेमांत एक शिस्त पाळलेली दिसते. पुरुष मागे लागला तर त्याला गाणं मिळतं, बाई मागे लागली तर तिला डॉक्टर मिळतो. 'प्यार तूने क्या किया'त ऊर्मिला मातोंडकरची रिया शेवटी वेड्यांच्या इस्पितळात जाते. 'फेटल अट्रॅक्शन'ची गोष्ट तर याहून बोलकी. १९८७ च्या या सिनेमात मायकल डग्लसचा संसारी वकील बायको गावाला गेली असताना दोन दिवस ग्लेन क्लोजबरोबर घालवतो आणि सोमवारी कामावर रुजू होतो. ती मात्र रुजू व्हायला तयार नसते. ती फोन करते, गाडीवर ॲसिड ओतते, त्याच्या मुलीचा पाळलेला ससा शिजवते. मूळ शेवटात ती स्वतःचा जीव घेते आणि सुरीवर त्याचे ठसे सापडल्याने वकीलसाहेबांना पोलीस नेतात. म्हणजे दोघांचाही हिशेब चुकता. आधी दाखवून घेतलेल्या प्रेक्षकांना तो पटला नाही. वकिलाला काय म्हणून त्रास? मग शेवट नव्याने चित्रित झाला: ती सुरी घेऊन घरात शिरते, न्हाणीघरात झटापट होते आणि वकिलाची धर्मपत्नी तिला गोळी घालते. ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता. तिने त्या भूमिकेसाठी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून अभ्यास केला होता. अभ्यास वाया गेला, कुटुंबसंस्था वाचली, धंदा उत्तम झाला. त्या शेवटानंतर प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या एकाही नवऱ्याला सोमवारी रुजू होताना काही वाटलं नसेल.

आणि इथेच थ्रिलरशी माझं खरं भांडण आहे. प्रेमपट पाठलागाला प्रेम म्हणतो, थ्रिलर त्याला वेड म्हणतो, आणि दोघांच्या मध्ये जो साधा, पगारदार, शुद्ध शाकाहारी पाठलाग करणारा असतो तो आरामात निसटतो. छातीवर ब्लेड चालवणारा राहुल बघून तो म्हणतो, छे, आपण असे नाही. आपण फक्त तिच्या स्टेटसवर लक्ष ठेवतो, फक्त तिच्या ऑफिसखाली उभे राहतो, फक्त तिच्या आईला फोन करतो. भिंतभर फोटो लावणं त्याला परवडतही नाही, घर भाड्याचं आहे, मालक खिळे ठोकू देत नाही. वेडाची खूण इतकी ठळक करून ठेवली की बिनखुणेचा माणूस सुटला. वास्तविक मागे लागणारा बहुधा अनोळखी नसतोच. तो जुना मित्र असतो, मोडलेल्या लग्नातला नवरा असतो, शेजारच्या टेबलावरचा असतो, आणि घरच्यांना 'चांगला मुलगा' म्हणून आवडलेला असतो.

चांगल्या मुलाची ही भीती एका अमेरिकन सिनेमाने नेमकी पकडली होती. १९९१ च्या 'स्लीपिंग विथ द एनिमी'मध्ये ज्युलिया रॉबर्ट्सचा नवरा घरात दोन गोष्टींवर अडून असतो: न्हाणीघरातले टॉवेल एका रेषेत हवेत आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांची लेबलं पुढे तोंड करून हवीत. ती बुडाल्याचं सोंग करून पळून जाते, दुसऱ्या गावी नाव बदलून राहते, आणि एके दिवशी कपाट उघडते तर डबे रांगेत उभे. सुरी नाही, रक्त नाही, नुसते डबे. भीतीचा इतका काटकसरी वापर क्वचित झाला असेल. हिंदीत मात्र हा प्रसंग अवघड, आणि मराठी घरात तर अशक्य. बोर्नव्हिटाच्या डब्यात साबुदाणा, तुपाच्या डब्यात शेंगदाणे आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असताना लेबल कुठल्या दिशेला आहे याने कोण घाबरणार? तरीही आपल्या निर्मात्यांनी त्या गोष्टीचा पिच्छा पुरवला. 'याराना', 'अग्निसाक्षी', 'दरार': १९९५ आणि ९६ या दोन वर्षांत एकाच सिनेमाच्या मागे तीन सिनेमे लागले. 'अग्निसाक्षी'त नवरा होता नाना पाटेकर, त्याला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि तो योग्यच होता, पण डबे गेले. त्यांच्या जागी आरडाओरडा आला. रांगेत लावलेले टॉवेल कुठल्याही घरात असू शकतात, म्हणून ते भीतिदायक. नानाच्या आवाजाचा नवरा दोन इमारती पलीकडून ओळखू येतो.

आपल्या रंगभूमीला ही साध्या माणसाची बाधा फार पूर्वी कळली होती. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव बायकोवर पाळत ठेवतो, एका तसबिरीवरून रामायण उभं करतो आणि १९१६ पासून आजवर लोक त्याला हसत आलेले आहेत. तो वेडा नाही. तो सुखवस्तू गृहस्थ आहे, पगडी नीट घालतो, आणि म्हणूनच त्याचं हेरगिरी करणं हास्यास्पद दिसतं. देवलांनी शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव'ही लिहिलं होतं, म्हणजे एकाच संशयाचं एकीकडे प्रेत आणि दुसरीकडे प्रहसन त्यांनी करून दाखवलं. प्रहसनातला फायदा हा की हसू झालेल्या माणसाच्या जागी जाऊन बसावं असं कोणाला वाटत नाही. राहुल व्हावंसं वाटणारे पुष्कळ भेटतील. फाल्गुनराव होण्यासाठी अजून कोणी छातीवर काही कोरून घेतलेलं नाही.

यावर उपाय म्हणून असले सिनेमे बंद करा, असं माझं म्हणणं नाही. बंदी घातली की तीच गोष्ट मोबाइलवर फुकट बघायला मिळते. आणि आपल्याकडे सरकारचं मतही या बाबतीत गोंधळलेलं आहे, ते कागदोपत्री नोंदलेलं आहे. रात्रीअपरात्रीचे फोन, भिंतीवरचे फोटो, छातीवरचं ब्लेड आणि शेवटचा रक्तपात यांसह 'डर' सेन्सॉरमधून गेला आणि १९९३ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला पारितोषिकही मिळालं. विभाग होता निकोप मनोरंजन करणाऱ्या सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा.